रेडिओ घ्यायचा तर आधी उंचीचं बघा

“मेजर, पोरगी पायलटच्या ट्रेनिंगला चाललीय. सगळ्यात लांबचं धरणारा सेट कोणता घेऊन देऊ?” असे फोन मला परळीहून येतात, अहमदपूरहून येतात, कधी घाटनांदूरहून येतात. निवडणुकीचा हंगाम आला की विचारणारे बदलतात. तेव्हा हेलिपॅडचं काम अंगावर घेतलेली मंडळी असतात. प्रश्न मात्र तोच राहतो, रेंज किती?

मी हवाई दलात आर.टी. म्हणजे रेडिओ टेलिफोन ऑपरेटर होतो. जलाहळ्ळीला शिकलो, लोहगावच्या टॉवरमध्ये हेडफोन लावून नोकरीची बरीच वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला येऊन रान बघतो. गावाकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, म्हणून मीही मेजर. या सगळ्यांना मी जे फोनवर सांगतो, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख. विमानाचा वॉकी-टॉकी रेंजचा आकडा बघून घेऊ नका. तुम्ही कुठं उभे असाल, ज्याच्याशी बोलायचं तो किती उंचावर असेल आणि तुमच्या कानाशी किती गोंगाट असेल, या तीन गोष्टी आधी ठरवा. सेट त्यावरून ठरतो. आणि हा विचार एकट्यादुकट्या पालकानं करून भागणार नाही. आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनानंही तो करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

विमानांची बोलणी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आपल्या एफएम रेडिओचा पट्टा १०८ ला संपतो, तिथून ११८ पर्यंतची जागा दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांची आहे आणि त्याच्या वर हा बोलण्याचा पट्टा. या लहरी सरळ रेषेत जातात. परभणी आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगरापलीकडं उतरतात, रात्री तर आकाशातून परत फिरून शेकडो किलोमीटरवर ऐकू येतात. विमानाच्या पट्ट्यातली लहर तसं करत नाही. मध्ये बालाघाटची धार आली की तिथंच अडते. डोंगर नसला तरी पृथ्वीची गोलाई आहेच.

ही गोलाई किती आड येते त्याचा हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ नं गुणा. जे येईल तेवढे किलोमीटर तुमचं क्षितिज. हवेमुळं लहर किंचित खाली वाकते, ते या ४.१२ मध्ये धरलेलं आहे. समोरच्याचंही असंच काढायचं आणि दोन्हींची बेरीज करायची.

आता आकडे बसवून बघा. सपाट रानात उभ्या माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर असतो, त्याचं क्षितिज पाच किलोमीटर. दोन माणसं दोन रानांत असे सेट घेऊन उभी राहिली तर मध्ये झाड, घर, चढ काही नसतानाही दहा किलोमीटरच्या पुढं बोलणं कठीण. आजूबाजूच्या रानापेक्षा सोळा मीटर उंच जागा मिळाली तर एकट्या तुमच्या बाजूचे साडेसोळा किलोमीटर होतात. आणि पस्तीस हजार फुटांवरून पांढरी रेघ ओढत जाणाऱ्या विमानाचं क्षितिज सव्वाचारशे किलोमीटरचं असतं. म्हणजे तोच सेट, तीच बॅटरी, तोच माणूस. एकाशी दहा किलोमीटरवर बोलणं होत नाही आणि दुसऱ्याचं चारशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतं. मग डब्यावर छापायची रेंज कोणती? लातूरच्या विमानतळावर जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचा आवाज धर्मापुरीच्या रानात हातातल्या सेटवर येणार नाही. तेच विमान उडून तीन हजार फूट चढलं की शेजारी बसून बोलल्यासारखा येईल. सेटनं काही जास्त केलं नाही, विमान उंच गेलं.

एक बारकावा ध्यानात ठेवा. अंतर उंचीच्या वर्गमुळानं वाढतं, म्हणून अंतर दुप्पट करायला उंची चौपट लागते. पण आपण जमिनीपासून दीड मीटरवर असतो, आणि दीडचे सहा मीटर करणं म्हणजे घराच्या माळवदावर जाऊन एक बांबू उभा करणं. सुरुवातीची उंची फार स्वस्तात मिळते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी अंबाजोगाईजवळच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडं तोंड करून आमच्याकडच्या घराघरावर बांबूला ॲल्युमिनियमचे अँटेना बांधलेले असत. चित्रात मुंग्या आल्या की कुणी नवा टीव्ही आणत नसे, पोराला माळवदावर चढवून बांबू फिरवत. हे शहाणपण आपल्या भागात होतं. मोबाइल आल्यावर रेंजच्या कांड्या मोजायची सवय लागली आणि उंचीचं विसरलो.

आता वॉट. दुकानदार वॉटवर जोर देतो, कारण तो आकडा डोळ्यांत भरतो. ज्यांना दूरचं ऐकायचं आहे, त्यांनी हे पक्कं समजून घ्यावं की आपल्या सेटच्या वॉटचा आपल्या ऐकण्याशी काही संबंध नाही. वॉट बोलण्याचे असतात. ऐकू येणं समोरच्याच्या ताकदीवर, मधल्या मोकळ्या वाटेवर आणि आपल्या अँटेनावर अवलंबून असतं. याचा फार मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा संदेश थेट पकडण्याचं काम या दुर्बिणीनं केलं. यानाच्या प्रेषकाची ताकद हातातल्या वॉकीच्या जवळपासची, काही वॉटची. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. यान शेवटी मंगळावर आदळलं, पण उतरतानाचा त्याचा क्षीण आवाज पुणे जिल्ह्यात ऐकला गेला. मध्ये आडवं काही नव्हतं आणि ऐकणारा कान मोठा होता, एवढंच त्याचं कारण.

वॉटच्या आकड्यातही दोन प्रकार असतात. आयकॉमच्या आयसी-ए२५ किंवा आयसी-ए१६ वर ६ वॉट लिहिलेलं असतं, ती बोलताना क्षणभर गाठली जाणारी कमाल ताकद. त्याच सेटची वाहक लहर १.८ वॉटची आहे. येसूच्या एफटीए-५५० आणि एफटीए-२५०एल या सेटवर ५ आणि १.५ असे आकडे आहेत. एका कंपनीचा मोठा आकडा दुसऱ्या कंपनीच्या लहान आकड्याशी लावून बघितला तर तिप्पट-चौपट फरक वाटतो, प्रत्यक्षात हे सगळे सेट एकाच पंगतीचे आहेत. सहा आणि पाच वॉटमधला फरक कानाला कळतसुद्धा नाही.

वॉटपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेट एएम पद्धतीचा हवा. जगभरातली नागरी विमानं या पट्ट्यात एएमवर बोलतात आणि बाजारातले स्वस्त वॉकी बहुतेक एफएमचे असतात. शेजारच्या गावातल्या एका होतकरू पोरानं ऑनलाइन असा सेट मागवला होता. वर पन्नास किलोमीटर रेंज असं छापलेलं. विमानाच्या पट्ट्यात त्याच्यावर धड एक शब्द ऐकू येईना. सेट बिघडलेला नव्हता, तो या कामाचा नव्हताच. पोराचे पैसे गेले ते गेलेच, वर तो बेकायदा वस्तू बाळगून बसला.

एएम ही जुनी पद्धत, तिच्यात खरखर फार, मग ती अजून का ठेवली, असं पोरं विचारतात. एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर ज्याची लहर जोरदार तोच ऐकू येतो आणि दुसरा पूर्ण दाबला जातो. दुसरा कुणी बोलत होता हेही कळत नाही. एएममध्ये दोघांच्या लहरी भिडून शिट्टी वाजते आणि निदान गोंधळ झाला हे ऐकणाऱ्याला समजतं. ही शिट्टी ज्यांनी टॉवरमध्ये ऐकली आहे त्यांना टेनेरिफ बेटावरचा अपघात आठवल्याशिवाय राहत नाही. २७ मार्च १९७७ ला तिथं धुक्यात पॅन ॲम आणि केएलएम या कंपन्यांची दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. अगदी मोक्याच्या क्षणी टॉवर आणि पॅन ॲमचं विमान एकाच वेळी बोलले होते, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये तिथंच शिट्टी उठली. ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ या अर्थाचं वाक्य त्या शिट्टीत गेलं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, बटण दाबण्याआधी ऐका. दुसरा बोलत असेल तर थांबा. लांबचं धरणारा सेट हातात असला की ही जबाबदारी वाढते, कारण तुमचं चुकीचं दाबलेलं बटण तेवढ्याच लांबच्या वैमानिकाच्या कानात शिट्टी घालतं.

ऐकण्यासाठी सेट निवडताना मी काय बघतो ते सांगतो. पहिली गोष्ट अँटेनाची खोबण. ती स्क्रूची असो की बीएनसीची, अँटेना काढून दुसरा लावता आला पाहिजे. सेटबरोबर येतो तो रबरी अँटेना वीतभर असतो. या पट्ट्यातली लहर साधारण २.४ मीटर लांबीची, तिचा चतुर्थांश साठ सेंटिमीटर. वीतभर रबरात गुंडाळून बसवलेल्या तारेनं साठ सेंटिमीटरचं काम पूर्ण होत नाही, खिशात मावावा म्हणून केलेली ती तडजोड आहे. साठ सेंटिमीटरची सरळ दांडी लावली आणि सेट उभा धरला की खरखरीतून शब्द वर येतात. उभाच धरायचा, कारण विमानांच्या लहरीही उभ्या असतात; आडवा धरला की ऐकू येणं घटतं. माळवदावर बांबूला अँटेना लावणार असाल तर खाली येणारी केबल चांगली घ्या आणि जरुरीपुरतीच लांब ठेवा. बारीक स्वस्त केबल वीस-पंचवीस मीटर ओढली तर वर मिळवलेलं बरंचसं खाली येईपर्यंत केबलमध्येच जिरतं. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटारीत बसून सेट तपासू नका. पत्रा या लहरींना भिंत आहे. ॲल्युमिनियमच्या सेसना विमानात मागच्या सीटवर ठेवलेला सेट याच कारणानं मुका होतो, म्हणून विमानात राखीव सेट ठेवायचा तर तो बाहेरच्या अँटेनाला जोडण्याची सोय मालकाकडून करून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट, सेटचा कान किती बारीक आणि किती नेमका. बारीकपणा मायक्रोव्होल्टमध्ये लिहिलेला असतो, आकडा जितका लहान तितका चांगला, आणि नावाजलेल्या कंपन्यांचे सेट त्यात जवळजवळ सारखे निघतात. खरा फरक नेमकेपणात पडतो. शेजारच्या चॅनेलवरचा जोरदार आवाज बाजूला ठेवून आपल्या चॅनेलवरचा क्षीण आवाज काढता येतो का? आपल्याकडं २५ किलोहर्ट्झ अंतरावरचे चॅनेल वापरात आहेत, युरोपात ८.३३ चे. एफएम प्रक्षेपणाच्या मनोऱ्याजवळ स्वस्त सेट बहिरा होतो, कारण त्याला ते जोरदार स्टेशन आवरता येत नाही. सेट घेताना तो शहरातल्या अशा मनोऱ्याच्या आसपास नेऊन ऐकावा, ही परीक्षा कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरी. आणि एएमला आपल्या रानातली खरखर फार लागते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, धूळ बसलेल्या इन्सुलेटरवर तडतडणारी विजेची लाइन, फटफटीचा प्लग, वळवाच्या विजा, सगळं त्यात ऐकू येतं. लाइनीपासून शंभर पावलं बाजूला गेलात तर नवा सेट घेतल्यासारखा फरक पडतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

स्क्वेल्चचं बटण हाताला सहज लागावं. हे बटण खरखर बंद ठेवतं आणि आवाज आला की दार उघडतं. ते फार घट्ट केलं की खरखरीबरोबर दूरचा क्षीण आवाजही दाराबाहेर राहतो. ‘रेंज मिळत नाही’ म्हणणाऱ्या किती जणांचा सेट मी नुसतं स्क्वेल्च सैल करून बोलता केला आहे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. लिथियमची मूळ बॅटरी घ्या आणि सहा पेन्सिल सेल बसणारा डबा मिळत असेल तर तोही घ्या. पुरात लाइट चार-चार दिवस नसते, पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानात मिळतात. व्हीओआर (दिशा दाखवणारी यंत्रणा), जीपीएस, ब्लूटूथ या सोयी वैमानिकाला उपयोगी आहेत. जमिनीवरच्या माणसाला त्यासाठी जास्तीचे पैसे घालण्याची गरज नाही.

पालकांना माझं सांगणं एवढंच, की पोरीला किंवा पोराला ट्रेनिंगला पाठवताना सेट घेऊन देऊ नका. तिथं गेल्यावर मुख्य प्रशिक्षकाला विचारू द्या. विमानातला रेडिओ त्या विमानाच्या परवान्याखाली येतो, आणि स्वतःचा सेट खिशात घालून विमानात चढणं हा विद्यार्थ्याचा निर्णय नसतो. विमानातला रेडिओ बंद पडला तर काय करायचं हे त्यांना शिकवतात. ट्रान्सपॉन्डर या यंत्रावर ७६०० हा आकडा लावायचा आणि टॉवरकडून दिव्यानं येणारी खूण बघायची. स्थिर हिरवा दिसला तर उतरायला मोकळीक, स्थिर लाल दिसला तर दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहायचं. हातातला सेट हा त्याच्या जोडीचा आधार आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हताच. आज तसं उडणं कुणी मान्य करणार नाही, पण रेडिओ बंद पडल्यावर शांत राहण्याचं शिक्षण अजून तितकंच लागतं. घेऊन द्यायचंच असेल तर चांगला हेडसेट घेऊन द्या, तो पहिल्या दिवसापासून कामी येतो.

कायद्याचं नीट समजून घ्या, कारण यात चांगली पोरं अडकतात. १९३३ च्या कायद्यापासून आपल्याकडं परवान्याशिवाय असं वायरलेस उपकरण बाळगता येत नाही, आणि २०२३ चा दूरसंचार कायदा आला तरी हे तत्त्व तेच आहे. विमानाच्या पट्ट्यात बोलायला आर.टी.आर. हे रेडिओ टेलिफोन चालवण्याचं प्रमाणपत्र लागतं. ते पूर्वी दूरसंचार विभाग देत असे, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ नं ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडं सोपवलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ऑनलाइन दुकानांतल्या बेकायदा वॉकी-टॉकींवर बडगा उगारला आणि विक्रीसाठी नियमावली आणली, हे फार बरं झालं. छंद असेल तर हौशी रेडिओची परीक्षा द्या, हॅमचा परवाना घ्या. त्या परवान्यावर विमानाच्या पट्ट्यात बोलता येत नाही, पण लहर, अँटेना आणि शिस्त तिथं शिकता येते.

आता हेलिपॅडवाल्यांकडं आणि ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो त्या मुद्द्याकडं येतो. हेलिपॅडवरच्या माणसाला लांबच्या रेंजची गरजच नाही. पाचशे फुटांवरच्या हेलिकॉप्टरमधलं बोलणं उघड्या रानात पन्नास किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतं, त्याला पाच-सहा वॉटचा साधा सेट पुरून उरतो. अडचण अंतराची नसते, आवाजाची असते. पंखा डोक्यावर आला की सेटचा स्पीकर कितीही मोठा करा, शब्द कळत नाही. तिथं कान झाकणारा हेडसेट आणि तोंडाशी माइक लागतो. म्हणजे रेंज विचारत येणाऱ्याला खरी गरज हेडसेटची असते, आणि ती त्याला कुणी सांगत नाही.

आपल्याकडं निवडणुकीत शाळेच्या मैदानावर फक्कीनं ‘एच’ आखतात, टँकरनं पाणी मारून धूळ बसवतात, ओला पाला पेटवून धुरानं वारा दाखवतात. वैमानिकाला जमिनीवरून सांगण्यासारखं फार असतं: वारा कुठून आहे, उत्तरेच्या बाजूला अकरा केव्हीच्या तारा आहेत, पत्रे सुटे आहेत, लोक दोरीच्या आत आलेत. हे सगळं सांगणारा माणूस बहुतेक ठिकाणी मोबाइल घेऊन उभा असतो, आणि उतरणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये मोबाइल कोण उचलणार? पोलिसांचे वायरलेस सेट शेजारीच असतात, पण ते वेगळ्या पट्ट्यात, वेगळ्या पद्धतीनं बोलतात. दोघांकडं रेडिओ असून एकमेकांना ऐकू येत नाही.

नेत्याच्या सभेला हे चालून जातं, कारण दिवस स्वच्छ असतो आणि मैदान आधी बघितलेलं असतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिवच्या पट्ट्यात पुरानं वेढलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, तेव्हा मैदान कुणी आखून ठेवलेलं नव्हतं. ढग खाली आलेले, पाऊस चालू, मोबाइलचे मनोरे विजेविना बंद, खाली माणसं वस्तीच्या माळवदावर. अशा वेळी वैमानिकाला खालून एक शिकलेला आवाज मिळाला तर त्याच्या घिरट्या वाचतात, इंधन वाचतं, आणि पुढच्या वस्तीवर तो लवकर पोचतो. २०१५ आणि २०१९ ला कृत्रिम पावसाची विमानं मराठवाड्यावर फिरवण्यासाठी सरकारनं रडार उभं केलं, विमानं आणली. त्या खर्चापुढं जमिनीवरच्या एका सेटचा खर्च किती? चांगल्या सेटची किंमत अमेरिकेत २०० ते ६०० डॉलरच्या घरात आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या तहसीलला विमानाच्या पट्ट्यातला एक परवानाधारक सेट असावा, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावावर रीतसर परवानगी घेऊन. त्याच्याबरोबर हेडसेट, साठ सेंटिमीटरची दांडी, सहा मीटरचा घडीचा खांब, पेन्सिल सेलचा डबा आणि तालुक्यातल्या उतरण्याजोग्या मैदानांचा नकाशा, त्यावर विजेच्या तारा लाल रंगानं दाखवलेल्या. सेट चालवायला प्रमाणपत्र घेतलेली दोन माणसं. आपल्या जिल्ह्यात हवाई दलातून, सिग्नल्समधून निवृत्त झालेले लोक गावोगाव आहेत, त्यांना बोलवा, मानधनाची अडचण पडणार नाही. एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्या दिवशी बजावून सांगावी लागेल: जमिनीवरचा माणूस फक्त माहिती देतो, उतर किंवा उतरू नको असं सांगत नाही. तो निर्णय वैमानिकाचा.

सराव पावसाळ्याआधी, मे महिन्यात व्हावा. हेलिकॉप्टर मिळालं नाही तरी निम्मं काम होतं. मैदानाच्या चारी कोपऱ्यांवरून खांब उभा करून बघायचा, खरखर कुठं कमी आहे ते लिहून ठेवायचं, लाइनीपासून लांबची जागा ठरवायची. धर्मापुरीपुरतं बोलायचं तर केदारेश्वराच्या देवळाजवळ आणि जुन्या किल्ल्याच्या आत खांब रोवू नये, देऊळ तर चालुक्यांच्या काळापासूनची ठेव आहे आणि तिथं गर्दीही होते. गावाबाहेर मोकळी, चढाची, तारांपासून दूर असलेली जागा आहे. तहसीलदार साहेबांनी माणूस पाठवला तर ती जागा मी येऊन दाखवतो, आणि सेट कसा धरायचा तेही शिकवतो.